संप मिटला, हजेरी लागली; हिशेब कोणी मागायचा?

प्राध्यापकांचा संप मिटला की सरकार सुटकेचा निःश्वास टाकते, संघटना विजयाचे पत्रक काढते आणि संस्थाचालक हजेरीपट पुढे सरकवतात. प्राध्यापक कोणत्या अटींवर कामावर परतले, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वकिलाच्या नजरेने पाहिले तर खरे प्रकरण तिथूनच सुरू होते.

२०१३ चे उदाहरण घ्या. एम्फुक्टो या प्राध्यापक महासंघाने ४ फेब्रुवारीपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी द्या आणि १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या काळात लागलेल्या बिगर नेट-सेट प्राध्यापकांची सेवा नियमित करा, या मुख्य मागण्या होत्या. उच्च न्यायालयाने कान टोचल्यानंतर १० मे रोजी बहिष्कार मागे घेतला गेला. प्राध्यापक पेपर तपासायला बसले. पण वेतन तेव्हा रोखलेच गेले. नियमिततेचा शासन निर्णय २७ जून २०१३ रोजी निघाला आणि त्यात मेख मारून ठेवली होती. सेवा धरायची ती नेमणुकीच्या तारखेपासून नव्हे, तर निर्णयाच्या तारखेपासून! १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन नाही. म्हणजे वीस-वीस वर्षे शिकवलेला माणूस कागदावर कालचा ठरला. त्यासाठी पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या आल्या. २०१८ च्या सप्टेंबरात काम बंद आंदोलन झाले, तेव्हाही मागण्यांच्या यादीत २०१३ चे ७१ दिवसांचे वेतन होतेच.

संपकऱ्यांना शिव्या घालणाऱ्यांत मी नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपबंदी आणू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा एक दिवसाचा संप झाला. त्याच्या अग्रभागी बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष होता. काम नाकारणे हा फार तर कराराचा भंग होईल, तो गुन्हा होऊ शकत नाही, कारण संपाचा अधिकार म्हणजे स्वातंत्र्याचाच अधिकार, अशी बाबासाहेबांची कायदेमंडळातील मांडणी होती. आमच्या वकील मंडळींनी ती आजही काढून वाचावी. पुढे काय झाले? १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखालचा 'कामगार' नाही असे ठरवले. २००३ मध्ये तमिळनाडूच्या प्रकरणात सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा कायदेशीरच काय, नैतिकही अधिकार नाही, असे म्हटले गेले. अशा स्थितीत परतण्याचा करार काटेकोर लिहून घेणे हेच हाती उरते. तोंडी आश्वासनावर परतणारा माणूस पुढे अर्जदार म्हणूनच जगतो.

आता आपल्या घरातला प्रश्न. नियमित प्राध्यापक निदान रोखलेल्या वेतनासाठी भांडू शकतो. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाचे काय? त्याला तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाहीत. कॉलेज बंद राहिले की त्याची चूल बंद. संपात जायचे की नाही हे त्याला कोणी विचारत नाही आणि संप मिटल्यावर बुडालेल्या तासांचे मानधन मिळावे म्हणून कोणी बैठक लावत नाही. पीएच.डी., सेट करून तासिकेवर राबणाऱ्यांत आपली पोरे किती आहेत, हे कोणत्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डोकावून पाहा. अशी मुले माझ्याकडे सल्ल्याला येतात. नेमणूकपत्राची मुदत संपलेली असते, हातात दुसरा कागद नसतो. तुम्ही कोणाविरुद्ध जाणार, हे त्यांना सांगताना माझीच जीभ अडखळते.

विद्यार्थ्यांचेही तसेच. निकाल लांबला की शहरातला मुलगा क्लास लावून दिवस काढतो. खेड्यातून येऊन वसतिगृहात राहणाऱ्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलीची शिष्यवृत्ती, पुढचा प्रवेश, नोकरीचा अर्ज, सगळेच अडते. परतलेल्या प्राध्यापकांनी जादा तास घ्यावेत ते हजेरीपटासाठी नव्हे, तिच्यासाठी.

२०१८ च्या आंदोलनानंतर ३ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला परवानगी मिळाली. त्याच वर्षी देशभर विद्यापीठ हे एकक धरायचे की विभाग, या वादाने आरक्षण कापले जात होते. विभाग एकक धरला तर दोन-तीन पदांत राखीव जागा येणार कुठून? रस्त्यावर उतरल्यावर मार्च २०१९ मध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला. तेव्हा संघटनांच्या मागणीपत्रात पदभरतीबरोबर अनुशेष हा शब्द ठळक असलाच पाहिजे. आणि जाहिरात निघण्याआधी बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते. ती तपासलेली प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. आपल्या तालुक्यातल्या किती कार्यकर्त्यांनी ती मागितली आहे?