पातळ, पण नवं

सकाळी ७.१५. केंब्रिजला जानेवारीत या वेळी अंधारच असतो. लॅबमध्ये शिरले की आधी शेकर बंद करते. रात्रभर ३७ अंशांवर घुसळलेल्या फ्लास्कमध्ये हव्या त्या पेशी तळ सोडून वर आलेल्या असतात. उंदराच्या पिल्लांच्या मेंदूतल्या या पूर्वज पेशी पुढे ऑलिगोडेंड्रोसाइट होतात आणि मज्जातंतूंभोवती मायलिनचे पदर गुंडाळतात. मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये, एमएसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्तीच ते पदर कुरतडते. आजची औषधं हा हल्ला थोपवतात; गेलेलं वेष्टन परत आणणारं मान्यताप्राप्त औषध अजून एकही नाही.

८.३०. पेशी गाळल्या, मोजल्या, प्लेटमध्ये पसरल्या.

९.४५. उंदरांच्या मज्जातंतूंचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधले फोटो. दिवसातलं खरं काम हेच. फोटोंवर फक्त आकडे असतात. कोणत्या उंदराला औषध दिलं होतं याची यादी सहकाऱ्याच्या कपाटात बंद. ती कळली तर डोळा हवं तेच बघेल. मी काढते ते तंतूचा व्यास भागिले वेष्टनासकटचा व्यास: उघड्या तंतूचं उत्तर १ येतं, जाड मूळ वेष्टन असेल तर बरंच कमी. दुरुस्त झालेलं वेष्टन पातळ असतं, उत्तर एकाकडे झुकतं. ती पातळ काळी कड दिसली की मी क्षणभर थांबते. तीन वर्षं झाली, अजूनही थांबते.

दुपारी १.००. डबा उघडेपर्यंत मावशीचा फोन. सांगलीत साडेसहा वाजलेत. तिला एमएस होऊन अकरा वर्षं झाली.

"अगं, ती शुगरची गोळी एमएसवर चालते म्हणे? तुझ्या काकांच्या डब्यात आहेच."

मेटफॉर्मिनबद्दल विचारत होती. २०१९ मध्ये इथल्याच रॉबिन फ्रँकलिन यांच्या गटाने दाखवलं की म्हाताऱ्या उंदरांच्या पूर्वज पेशी दुरुस्तीच्या हाकेला ओ देत नाहीत. एक दिवसाआड उपास किंवा मेटफॉर्मिन दिलं की पुन्हा देऊ लागतात. त्याआधी, २०१७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत क्लेमास्टिन हे ॲलर्जीचं जुनं औषध ५० रुग्णांना देऊन पाहिलं होतं. परिणाम मोजायची पद्धत अशी: पडद्यावर काळे-पांढरे चौकोन उलटसुलट होतात, डोक्यामागच्या इलेक्ट्रोडवर डोळ्यातला संदेश कधी पोचला ते मोजतात. निरोगी माणसात साधारण १०० मिलिसेकंद लागतात. औषधावर ही वेळ १.७ मिलिसेकंदांनी घटली. पुढे केंब्रिजने दोन्ही औषधं एकत्र करून ७० जणांवर सहा महिने चाचणी घेतली.

"मग त्यांना बरं वाटलं?"

"नाही गं. संदेशाच्या वेगात फरक मोजता आला, पण त्यांना स्वतःला जाणवला नाही. काकांची गोळी घेऊ नकोस. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "कढत पाण्याने आंघोळ केली की अजून डाव्या डोळ्यापुढे धुकं येतं."

तिला सांगितलं की उष्णतेने उघड्या तंतूंमधला संदेश अडतो, शरीर निवलं की परत वाहतो. तिच्या डोळ्यामागचा तंतू मेलेला नाही, त्याच्यावरचं पांघरूण गेलंय. पण वर्षानुवर्षं उघडा राहिलेला तंतू मरू शकतो, म्हणून आम्हाला घाई आहे. हे शेवटचं मी तिला सांगितलं नाही.

२.१५. पुन्हा फोटो.

५.४०. आज २१२ तंतू मोजून झाले. सकाळच्या पेशी प्लेटला नीट चिकटल्यात, टोकं फुटायला लागलीत. झाकणावर तारीख घातली आणि इन्क्युबेटरचं दार लावलं.