दांडिया बाजारातला 'गजरा'

मुंबई दूरदर्शनवर सत्तरच्या दशकात 'गजरा' नावाचा एक कार्यक्रम होत असे. बडोद्यातील ज्या मंडळींचे आजोळ मुंबई-पुण्याकडे, त्यांना हे नाव वाचताच खूण पटेल. इतरांनी तो पाहिला असण्याचा संभव नाही. मुंबईच्या मनोऱ्यावरून निघालेले चित्र बडोद्यापर्यंत पोहोचतच नसे. तरीही आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याने 'गजरा' पाहिला, असे मी म्हणतो. तो कसा, ते सांगतो.

मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीनंतरचे देशातले ते दुसरे केंद्र. आमच्या बाजूस १९७५ साली खेडा जिल्ह्यात पीज येथे केंद्र निघाले. पण त्याचे कार्यक्रम तिथल्या खेड्यांसाठी आणि गुजरातीतून. मराठी कार्यक्रम पाहायचा, तर उन्हाळ्याच्या सुटीत गुजरात मेलने मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते.

माझी मावशी गिरगावात चाळीत राहत असे. मजल्यावर संच एकच, आणि तो तिच्याकडे. लाकडी पेटीचा, सरकत्या दारांचा, कुलूप लावता येईल असा. संध्याकाळी शेजारपाजार येऊन बसे. मुले जमिनीवर, बायका पलंगावर, पुरुष दारात उभे. वाऱ्याने गच्चीवरची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या येत. मग एकजण गच्चीवर, एकजण जिन्यात आणि "आले का?" "आले! आले! गेले!" असा संवाद चाले.

'गजऱ्या'चे निर्माते विनायक चासकर. नाव मोठे समर्पक होते. छोटी छोटी नाटुकली एका दोऱ्यात ओवलेली. एक संपले की दुसरे. आपल्या संमेलनांतल्या विविध गुणदर्शनाचीच ही सुधारलेली आवृत्ती म्हणा ना! त्याच पडद्यावर तबस्सुम 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मध्ये सिनेनटांना बोलते करीत. १९७२ पासून १९९३ पर्यंत त्यांचा तो कार्यक्रम चालला. अशा कार्यक्रमांचा एक गुण मला पुढे कळला. आजीला न आवडलेले नाटुकले थोड्या वेळात संपे, आणि नातवाला न कळलेलेही संपे. आपली पाळी येईतो दुसऱ्याची आवड सोसायची, एवढाच त्याचा नियम. त्यामुळे सगळे घर एका जागी बसे.

१९७८ च्या मे महिन्यात मी अकरा वर्षांचा होतो. मुंबईहून परतलो, तो वाड्यात पूर्वीचेच वातावरण. माझे वडील आणि काका यांच्यात वाटणीचा दावा चालू होता. एका अंगणाच्या दोन बाजूंना दोन चुली आणि मध्ये अबोला. दोन वर्षांत जे बोलणे झाले, ते वकिलांमार्फत.

आजीने विचारले, "मुंबईस काय पाहिलेस?" मी सांगू लागलो आणि सांगता सांगता करूनच दाखवू लागलो. काच फुटलेल्या तसबिरीची रिकामी चौकट चुलतभावाने माझ्या तोंडापुढे धरली. हा आमचा संच. मी घरमालक झालो, भाडेकरू झालो, डॉक्टर आणि रोगीही झालो. वाक्य विसरलो की चुलतभाऊ पाटी वर करी. तिच्यावर खडूने लिहिलेले असे, "रुकावट के लिए खेद है".

दुसऱ्या दिवशी शेजारचे दोन वाडे आले. वडील झोपाळ्यावर, काका समोरच्या ओट्यावर. घरमालकाच्या एका वाक्याला दोघेही एकदम हसले. झोपाळ्याची करकर थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. पण उठताना काका मला म्हणाले, "तुझ्या वडिलांना विचार, तो घरमालक उद्या पुन्हा व्हायचा का?" वडील तिथेच बसले होते. ते मला म्हणाले, "सांग त्यांना, व्हायचा."

दावा त्यामुळे मिटला नाही, हेही सांगितले पाहिजे. तो पुढे सहा वर्षे चालला.

याच सुमारास मुंबईहून 'चिमणराव' दिसू लागला. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. चिं. वि. जोशी बडोदे कॉलेजात पालीचे प्राध्यापक. म्हणजे चिमणराव घरचाच. शेजारच्या वाड्यातले एक वृद्ध गृहस्थ त्यांच्या हाताखाली शिकलेले. ते चिडून म्हणाले, "आमचा चिमणराव मुंबईने पाहावा आणि आम्ही नाही?" पुढल्या मेमध्ये त्यांच्यासाठी मला चिमणरावही व्हावे लागले.

१५ ऑगस्ट १९८२ ला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतर आमच्याकडे संच आला. पण त्यात मराठी नव्हते. पुढे १९९९ साली अल्फा मराठी आली, २०१४ साली 'चला हवा येऊ द्या' सुरू झाले. हसवणारी माणसे उणावली, अशी माझी तक्रार नाही. आता मात्र प्रत्येकाला आपल्या आवडीचे तेवढे निवडता येते, आणि दुसऱ्याच्या आवडीपायी कोणालाच बसून राहावे लागत नाही.

वडील गेले, काका गेले. वाडा विकूनच दावा संपला. तिथे आता चार मजले उभे आहेत. गेल्या दिवाळीत चुलतभाऊ फराळाला आला होता. नातवंडे आपापल्या मोबाइलमध्ये होती. तो म्हणाला, "तो घरमालक करून दाखव ना."

मी उभा राहिलो. दोन वाक्ये झाली आणि तिसरे काही केल्या आठवेना. त्यालाही आठवेना. मग त्याने चकल्यांचे ताट खाली ठेवले आणि पाटी धरल्यासारखे दोन्ही हात वर केले.

नातवंडांनी माना वर करून विचारले, "आजोबा, हे काय आहे?" आम्ही सांगायला बसलो.