कोकम सिरप: बाटलीत ७५० मिली की ७५० ग्रॅम?

पेण आणि रोहा तालुक्यातील सर्व सभासद आणि बचत गटाच्या ताईंसाठी.

कोकमाचा हंगाम सुरू झालाय. वडखळ, नागोठणे, कोलाडला हायवेवर थांबणारं गिऱ्हाईक बाटली हातात घेऊन हमखास विचारतं, "यात किती ग्लास होतील?" उत्तर तयार ठेवा.

*७५० मिली हे माप कुठलं?*
मुळात वाइनचं. वाइनची नेहमीची बाटली ७५० मिली, अर्धी ३७५. एक ग्लास १५० मिलीचा धरला तर बाटलीत ५ ग्लास, आणि १२ बाटल्यांची पेटी म्हणजे ९ लिटर. काचेच्या बाटल्या या मापात सहज मिळतात, म्हणून आपणही त्यातच सिरप भरतो.

*आपला हिशोब*
३० मिली सिरप + १५० मिली पाणी = १ ग्लास
▪️ ७५० मिली = २५ ग्लास
▪️ ७०० मिली = २३ ग्लास
▪️ ३७५ मिली = १२ ग्लास

समजा ७५० मिलीची एमआरपी १५० रुपये आहे, तर ग्लास ६ रुपयांना पडला. गिऱ्हाइकाला हे सांगा, बाटली महाग वाटणार नाही. त्याच दराने ७०० मिलीची किंमत १४० होते.

*चूक इथे होते*
काट्यावर ७५० ग्रॅम भरायचं आणि लेबलवर ७५० मिली लिहायचं. साखरेमुळे सिरप पाण्यापेक्षा जड असतं. ६५ ब्रिक्सच्या एक लिटर सिरपचं वजन सुमारे १ किलो ३१५ ग्रॅम भरतं. म्हणजे ७५० ग्रॅम सिरप फक्त ५७० मिली, १९ ग्लास! गिऱ्हाइकाचे ६ ग्लास गेले. कायद्याने ७५० मिलीच्या बाटलीत १५ मिलीपर्यंतचीच तूट चालते. त्यापुढे वैधमापन विभागाची कारवाई होऊ शकते, आणि गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही ते वेगळंच. आगळालाही हेच लागू, मिठामुळे तेही पाण्यापेक्षा जड असतं.

*काय करायचं?*
१) रिकामी बाटली काट्यावर ठेवून काटा शून्य करा. ७५० ग्रॅम साधं पाणी ओता. हे बरोबर ७५० मिली. पातळीवर बाहेरून खूण करा. ही तुमची नमुना बाटली.
२) त्याच लॉटच्या बाटल्या त्या खुणेपर्यंत भरा. लॉट बदलला की नवी खूण. सिरप गार झाल्यावरच मोजा, गरम असताना ते फुगलेलं असतं.
३) लेबलवर निव्वळ प्रमाण मिलीतच लिहा. सोबत एमआरपी, प्रति मिली दर (वरच्या उदाहरणात ०.२० रु.), तयार केल्याचा महिना-वर्ष, नाव-पत्ता, ग्राहक संपर्क आणि एफएसएसएआय नंबर.
४) दारूच्या जुन्या बाटल्या, खंबा असो की क्वार्टर, अजिबात वापरू नका.

⚠️ जांभूळ-करवंदाचं सरबत खुशाल करा. पण रस आंबवून वाइन करायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. विनापरवाना तो गुन्हा आहे.

खूण बरोबर आहे का, शंका असेल तर रिकामी बाटली घेऊन आपल्या संकलन केंद्रावर या. दोन मिनिटांत तपासून देऊ.