अधिव्याख्यात्याची उमेदवारी

लोणी काळभोर येथे, मुळा-मुठेच्या काठी, जी भूमी राज कपूर यांची 'राजबाग' म्हणून ओळखली जाई, तेथे आज २०१५ च्या राज्य अधिनियमान्वये स्थापन झालेले एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ उभे असून, अभियांत्रिकी, चित्रपट, संगीत आणि डिझाइन या विद्या एकाच आवारात नांदत आहेत. अशा ठिकाणी नव्याने रुजू होणाऱ्या अधिव्याख्यात्याने शिकविण्याची विद्या कोठे संपादन करावी, हा प्रश्न मला अगत्याचा वाटतो. कारण शाळेच्या शिक्षकाकडे अध्यापनाची पदवी मागणारी आपली व्यवस्था अधिव्याख्यात्याकडे मात्र विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बहुतेक शाखांत 'नेट', 'सेट' किंवा पीएच.डी., एवढ्याच सनदा मागते.

ही उणीव कोणाच्या ध्यानी आली नव्हती असे नाही. कोल्हापूरकडच्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते, त्या कोठारी आयोगाने (१९६४–६६) नवनियुक्तांच्या उद्बोधनाची शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, आणि २०२३ पासून तीच परंपरा मालवीय मिशनच्या नावे चालू आहे. परंतु तेथील 'ओरिएंटेशन' आणि 'रिफ्रेशर' या अभ्यासक्रमांची प्रमाणपत्रे बढतीच्या अर्जास जोडावी लागत असल्याने, तेथे शिकलेले वर्गात कितपत उतरले, याची विचारपूस दप्तरी सहसा होत नाही.

खरी उमेदवारी, माझ्या मते, सहकाऱ्यांच्या सान्निध्यातच होते. डिझाइनच्या स्टुडिओत विद्यार्थ्यांची रेखाटने भिंतीवर लागतात आणि अध्यापक त्यांवर जे बोलतो ते सर्वांसमक्ष बोलतो. गुरूमागे तानपुरा धरून बसलेला शिष्य गायनाबरोबर शिकविण्याची रीतही टिपीत असतो. व्याख्यान मात्र बंद दाराआड चालते, आणि प्रश्न विचारल्यावर आपण उत्तरासाठी मुळीच थांबत नाही, हे अनेक वर्षे शिकविलेल्या मनुष्यालाही कोणी सांगितलेले नसते. अभियांत्रिकीच्या तरुण अध्यापकाने काही दिवस शेजारच्या स्टुडिओत जाऊन बसावे, मग एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला आपल्या वर्गात मागच्या बाकावर बसवून, कोणता दाखला मुलांपर्यंत पोहोचला नाही, हे त्याच्याकडून टिपून घ्यावे.

ती टिपणे मात्र बढतीच्या फायलीत जाता कामा नयेत. गेली, की सहकाऱ्याचा परीक्षक होतो आणि अध्यापक आपल्याला जमते तेवढेच दाखवू लागतो. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी सहायक प्राध्यापकावर आठवड्याला १६ तासांच्या प्रत्यक्ष अध्यापनाचा भार टाकलेला असता, एकमेकांच्या वर्गात बसण्याचे हे काम त्याच्या सवडीवर न सोडता विभागप्रमुखाने वेळापत्रकातच त्याची तजवीज केली पाहिजे.