हवेचे कायदे : धुराला नंबर देणारा कागद

गेल्या आठवड्यात आपण हवा कायद्याच्या कलम १९ वर थांबलो होतो. आज कलम २१ आणि कारखान्यांची संमतिपत्रं घ्यायची, असं ठरलं होतं. पण साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केलेल्या एका वाचकांचं पत्र आलं आणि संमतिपत्रं मागे पडली. त्यांनी विचारलंय, ‘बॉयलरच्या जुन्या पुस्तकात रिंगेलमान नंबर २ असं यायचं. हा नंबर कशाचा?’ प्रश्न माझ्या इतक्या जिव्हाळ्याचा आहे की आजचा सगळा लेख त्यालाच देतो.

मॅक्सिमिलियाँ रिंगेलमान हे फ्रान्समधले कृषी अभियांत्रिकीचे प्राध्यापक. माणसं एकत्र दोर ओढू लागली की प्रत्येकाचा जोर थोडा कमी होतो, हे मोजून दाखवणारेही तेच. त्यांनी १८८८ च्या सुमारास धुराचा काळेपणा मोजायला एक तक्ता केला.

तो घरी करता येतो. कागदावर दर १० मिलिमीटरला उभ्या-आडव्या काळ्या रेघा मारा. रेघ १ मिलिमीटर जाड असेल, तर मध्ये ९ मिलिमीटरचा पांढरा चौकोन उरतो. शंभरातले ८१ भाग पांढरे, म्हणजे साधारण २० टक्के काळं. हा नंबर १. रेघ २.३ मिलिमीटरची केली की ४० टक्के काळं, तो नंबर २. रेघ ३.७ ची केली की ६० टक्के, ५.५ ची केली की ८०. कोरा कागद शून्य, पूर्ण काळा पाच. आता कागद भिंतीला लावा आणि मागे मागे सरका. पंधरा मीटरच्या आसपास रेघा विरघळतात आणि नुसता सपाट करडा रंग उरतो. निरीक्षकाने इतक्याच अंतरावर तक्ता लावायचा, सूर्य डोळ्यांवर येणार नाही असं उभं राहायचं आणि धुराड्याच्या तोंडाशी दिसणारा धूर कुठल्या करड्याशी जुळतो, ते टिपत राहायचं.

कायद्याला हे फार सोयीचं. ‘धूर फार होता’ हे झालं मत. ‘नंबर ३, अमुक इतकी मिनिटं’ अशी नोंद कोर्टात उभी राहते. १९१० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने बॉस्टनसाठी केलेल्या धुराच्या कायद्यात हा तक्ता आला. कॅलिफोर्नियाने १९४७ च्या राज्य कायद्यात अट घातली : कुठल्याही एका तासात, सगळं मिळून तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ, नंबर २ इतका किंवा त्याहून काळा धूर सोडायचा नाही. पांढऱ्या धुराने पळवाट काढू नये, म्हणून पलीकडचं तितकंच झाकणारा कुठलाही धूर त्याच अटीत बसवला. ही तरतूद तिथे कलम ४१७०१ म्हणून आजही जिवंत आहे.

आपल्याकडे बंगालने १९०५ मध्ये आणि मुंबई इलाख्याने १९१२ मध्ये धुराचे कायदे केले. गिरण्या कोळशावर चालत. फायरमनने भट्टीत एकदम ढीगभर कोळसा लोटला की त्यातला वायू पुरता न जळताच वर जातो आणि धुराडं काळं ओकायला लागतं. तोच कोळसा थोडा थोडा, पसरून टाकला तर धूर निवळतो. काळा धूर म्हणजे मालकाचाच न जळलेला पैसा, त्यामुळे कायदा आणि गिरणीचा हिशेब इथे एका बाजूला येत होते. तरी माझ्या मते गिरणगावचं आकाश मोकळं व्हायला खरा हातभार लागला तो १९१५ पासून खोपोलीहून येऊ लागलेल्या जलविजेचा.

या तक्त्यावर माझा जीव आहे, कारण रस्त्यावरच्या माणसालाही तो हातात धरता येतो. आज मोठ्या धुराड्यांवरची यंत्रं आकडे थेट प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवतात. ती हवीतच, पण गच्चीवरून धूर बघणाऱ्या बाईला त्या आकड्याची शहानिशा कशी करता येणार? कॅलिफोर्नियासारखा डोळ्यांचा पुरावाही आपल्या कायद्यात ठसठशीतपणे असावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र डोळ्यांना दिसतं तेवढंच हा तक्ता मोजतो. सल्फर डायऑक्साइडला रंग नाही. धुराडं स्वच्छ दिसत असतानाही तो बाहेर पडत असतो. लॉस एंजेलिसचा धुरकटपणा तर गाड्यांच्या आणि तेलाच्या वायूंवर ऊन पडून होतो, हे रसायनशास्त्रज्ञ हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, आणि तिथे नंबर २ चा काही इलाज चालेना.

म्हणून आपल्याकडे धुराड्याची उंची ठरवताना रंग बघतच नाहीत. तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड निघतो, तो आकडा घ्यायचा, त्याचा ०.३ वा घात काढायचा आणि १४ ने गुणायचं. येतील तितके मीटर उंची. पुढच्या वेळी याच सूत्रापासून सुरुवात करू, कारण संमतिपत्रातल्या अटींत ते हमखास भेटतं.