अनवाणी पाय कसे धावतात?

तालुक्याच्या शर्यतीसाठी माझी निवड झाली तेव्हा अण्णांनी शेंगा विकून मला बूट आणले. ते घालून मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या अन् टाचांना फोड आले. आता अण्णांना कसं सांगायचं? मी रडत गुरुजींकडे गेले. गुरुजींनी मला अबेबे बिकिला यांची गोष्ट सांगितली.

बिकिला हे आफ्रिकेतील इथिओपिया देशाचे सैनिक होते. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन शर्यत अनवाणी धावले. ही शर्यत ४२ किलोमीटर १९५ मीटर लांब असते. ती त्यांनी २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली! नवे बूट त्यांच्याही पायाला नीट बसले नव्हते. पण अनवाणी धावण्याचा त्यांना आधीपासून सराव होता.

मग गुरुजींनी एक प्रयोग करायला लावला. तुम्हीही करून पाहा. अनवाणी जागच्या जागी हळू उड्या मारा. आधी काय टेकते? चवडा! अनवाणी धावायची सवय असलेले बरेच जण असेच चवड्यावर किंवा सपाट पावलावर उतरतात. त्यांची ढांग लहान पडते. तळव्याची कमान आणि पोटरी स्प्रिंगसारखी दबून धक्का झेलतात. जाड टाचेच्या बुटात मात्र टाच आधी आपटली तरी फारसे कळत नाही.

मग बूट वाईट का? मुळीच नाही. १९६४ साली टोकियोला बिकिला यांनी बूट घालून पुन्हा मॅरेथॉन जिंकली. खरा गुण सरावाचा.

सवय नसेल तर एकदम लांब धावू नये, पोटऱ्या भरून येतात. रोज थोडे थोडे वाढवावे. काचा, बाभळीचे काटे आणि तापलेले डांबर टाळावे. जिथे लोक उघड्यावर शौचाला बसतात तिथून तर अनवाणी मुळीच जाऊ नये. तिथल्या ओल्या मातीतून अंकुशकृमी नावाचे जंत कातडीतून अंगात शिरतात आणि अंगातले रक्त कमी होते. पालकांनीही हे ध्यानात ठेवावे.

संध्याकाळी मी अण्णांना फोड दाखवले. अण्णा म्हणाले, "अगं येडे, आधीच सांगायचं की! बूट रस्त्यानं जायला घाल. मैदानात तुला जमंल तशी पळ."

शर्यत सोमवारी आहे. मैदान मातीचे आहे. त्या दिवशी आम्ही दोघे लवकर जाऊन काटे-काचा वेचणार आहोत.

— इयत्ता चौथी