विभाजनाचा लगाम

ऑक्टोबर २००१ मध्ये लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स या तिघांना नोबेल जाहीर झालं, त्याला आता पाव शतक होत आलं. पेशी विभाजनाला कधी लागते, तिला पुढं कोण ढकलतं आणि अडवून कोण धरतं, याचा छडा लावल्याबद्दलचं ते पारितोषिक. आणि नेमकं आता, ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी नोकरीची बहुतेक वर्षं जीवशास्त्र शिकवलं, तिथं कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल बंद झालं. मुलं स्मार्ट बोर्डावर काही मिनिटांचं ॲनिमेशन बघतात, जर्नलमध्ये चार आकृत्या उतरवतात आणि सही घेऊन मोकळी होतात. उरलेला वेळ प्रवेशपरीक्षांच्या ‘इंटिग्रेटेड’वाल्या क्लासचा. एका जुन्या सहकारी बाईंनी फोनवर हे सांगितलं आणि मला फार लागलं. कारण ज्या दहा वर्षांत हा विषय उलगडत गेला, त्या दहा वर्षांत मी विद्यार्थिनी होते आणि मग शिक्षिका झाले.

पहिली शंभर वर्षं भराभर ओलांडते. १८८२ साली जर्मनीतल्या कील इथं काम करणाऱ्या वाल्टर फ्लेमिंग यांचं पुस्तक निघालं. सॅलॅमँडरच्या पिल्लांच्या पेशी रंगवून त्यांनी गुणसूत्रं उभी चिरली जाताना आणि दोन बाजूंना जाताना टिपली. पुढची कितीतरी वर्षं अवस्थांना नावं देण्यात आणि त्यांच्या सीमारेषांवर वाद घालण्यात गेली. तो काळ मला कधीच रुचला नाही, आणि आपल्या परीक्षा मात्र अजून त्याच काळात बसल्या आहेत. १९५० नंतर हॉवर्ड आणि पेल्क यांनी लंडनमध्ये व्हिशिया फाबा या शेंगेच्या झाडाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला आणि दाखवून दिलं की डीएनए दुप्पट होतो तो विभाजनाच्या कितीतरी आधी, एका ठरावीक टप्प्यात. म्हणजे दोन विभाजनांमधल्या ज्या काळात पेशी स्वस्थ बसलेली दिसते, तोच तिच्या कामाचा मोठा काळ. हे १९५३ पर्यंत छापून आलं होतं. तरी १९८१ साली आमच्या वर्गात एक प्राध्यापक याच काळाला ‘विश्रांती अवस्था’ म्हणून उतरवून देत होते, आणि तसं न लिहिणाऱ्याचा गुण कापत होते.

त्याच प्राध्यापकांचं दुसरं मत असं की मायटॉसिस हा संपलेला विषय आहे. यीस्टवर कोणी काम करतं म्हटलं की ते विचारायचे, “पाव फुगवायचाय का?” वर्ग हसायचा. आज इतक्या वर्षांनी त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं, आणि ते सविस्तर देणार आहे.

त्याआधी दोन नावं, जी नोबेलच्या यादीत नाहीत. भारतात जन्मलेले पोटू राव आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये अमेरिकेत वेगवेगळ्या टप्प्यांवरच्या मानवी पेशी एकमेकींत मिसळवल्या. विभाजनात असलेली पेशी दुसरीशी जोडली की दुसरीची गुणसूत्रं अवेळी आवळून यायची, तिची तयारी झालेली असो वा नसो. डीएनएची नक्कल चालू असलेली पेशी आणि नक्कल संपवून बसलेली पेशी एकत्र केली, तर दुसरीचं केंद्रक पहिलीची नक्कल पुरी होईपर्यंत विभाजनाला लागत नसे. पेशीरसात हुकूम देणारं काहीतरी आहे आणि थांबवणारंही काहीतरी आहे, हे त्या एका कामातून दिसलं. पुढच्याच वर्षी योशिओ मासुई आणि क्लेमेंट मार्कर्ट यांनी बेडकाच्या पक्व होत असलेल्या अंड्यातला पेशीरस कच्च्या अंड्यात टोचला, आणि कच्चं अंडंही पक्व होऊ लागलं. हुकूम देणाऱ्या त्या द्रव्याला एमपीएफ हे नाव मिळालं. मासुईंना १९९८ मध्ये हार्टवेल आणि नर्स यांच्याबरोबर लास्कर पारितोषिक मिळालं. नोबेल मिळालं नाही. तिघांनाच देता येतं हा नियम मला ठाऊक आहे. नियम असला तरी मासुईंचं नाव तिथं नसणं हा अन्याय आहे असंच मी मानते, आणि राव यांचं नाव तर आपल्या पाठ्यपुस्तकांच्या समासातसुद्धा सापडत नाही.

आता १९८०चं दशक. मी मुंबईत एम.एस्सी. करत होते. परदेशी नियतकालिकं बोटीनं यायची, काही महिने उशिरा, आणि कधीकधी एखादा अंक यायचाच नाही. आम्ही लेखकांना छापील कार्ड पाठवून लेखाची प्रत मागवत असू. वेगळा शिक्का असलेलं तपकिरी पाकीट आलं की वसतिगृहात ते आधी सगळ्यांच्या हातातून फिरायचं. त्यातल्या एका पाकिटात १९८३ सालचा टिम हंट यांच्या गटाचा लेख होता.

प्रयोग १९८२च्या उन्हाळ्यातला, अमेरिकेतल्या वुड्स होल या किनाऱ्यावरच्या गावातला. समुद्री साळूची अंडी फलित करायची, पाण्यात किरणोत्सारी मेथिओनिन घालायचं म्हणजे नवं तयार होणारं प्रत्येक प्रथिन चमकेल, आणि थोड्याथोड्या वेळानं नमुना काढून जेलवर चालवायचा. बहुतेक पट्टे काळाबरोबर गडद होत गेले, जसे व्हायला हवे तसे. एक पट्टा मात्र गडद झाला आणि पेशी दुभंगायच्या बेताला एकदम नाहीसा झाला. पुढच्या विभाजनाआधी पुन्हा चढला, पुन्हा नाहीसा झाला. प्रथिन तयार होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पेशी ते ठरल्या वेळी मुद्दाम नष्ट करते आणि त्या नाशावर पुढचं पाऊल अवलंबून असतं, हे नवं होतं. हंट यांनी त्याला सायक्लिन म्हटलं. जेलचा तो काळापांढरा फोटो झेरॉक्समध्ये निम्मा पुसला गेला होता, तरी नाहीसा होणारा पट्टा दिसत होता. मी तो किती वेळ बघत बसले होते!

१९८२ म्हणजे फ्लेमिंग यांच्या पुस्तकाची शताब्दी. त्याच वर्षी डॉ. कमल रणदिवे यांना पद्मभूषण मिळालं. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली होती. शरीराबाहेर काचेत वाढणाऱ्या, विभागणाऱ्या पेशी लोकलनं जाण्याच्या अंतरावर होत्या. आम्हाला तिथं कोणी एकदाही नेलं नाही, त्यांचं नावही वर्गात घेतलं नाही. पुण्यात जन्मलेल्या, मराठीतून विज्ञान सांगणाऱ्या बाईबद्दल मला वर्तमानपत्रातून कळलं, याचा राग अजून गेलेला नाही.

आणि आता यीस्ट. हार्टवेल यांनी सिएटलमध्ये पावाच्याच यीस्टचे असे प्रकार वेचले, जे जास्त तापमानाला विभाजनाच्या ठरावीक पायरीवर अडकून पडतात. त्यातून शंभराहून जास्त जनुकं हाती आली. एडिनबरोमध्ये पॉल नर्स दुसऱ्या जातीचं यीस्ट बघत होते. त्यांना नेहमीपेक्षा आखूड असताना विभागणारे प्रकार सापडले. पेशी आखूड राहते कारण तिचा लगाम सुटलेला असतो; पुरेशी वाढ व्हायच्या आतच ती विभागून मोकळी होते. असे बरेच प्रकार एकाच जनुकातले निघाले, त्या जनुकाचं नाव वी-वन. एका बशीवर बुरशी चढली होती म्हणून नर्स यांनी ती कचऱ्यात टाकली. घरी जेवण झालं, पण चैन पडेना. पावसात सायकल मारत ते परत गेले आणि कचऱ्यातून ती बशी काढून आणली. तोच एक प्रकार दुसऱ्या जनुकातला निघाला: सीडीसी-टू, म्हणजे विभाजनाचा मुख्य हुकूमदार.

१९८७ मध्ये मेलनी ली आणि नर्स यांनी हे जनुक बिघडलेल्या यीस्टमध्ये माणसाची जनुकं घातली. त्यातल्या एका मानवी जनुकानं यीस्टचं अडलेलं विभाजन पुन्हा चालू केलं. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींहून जास्त वर्षं झाली आहेत, तरी हुकूम तोच चालतो. पाव फुगवणाऱ्यांवर हसणाऱ्या वर्गाला हे ऐकवायला मी तेव्हा फार आसुसले होते. पण प्राध्यापक निवृत्त झाले होते.

पुढच्याच वर्षी एमपीएफ शुद्ध स्वरूपात हाती आलं, आणि सगळे धागे एका जागी आले. मासुईंच्या बेडकातलं द्रव्य म्हणजे नर्स यांचं सीडीसी-टू आणि हंट यांचं सायक्लिन यांची जोडी. सायक्लिन साठत जातं, सीडीसी-टूला चिकटतं. पण वी-वन त्या जोडीवर फॉस्फेट लावून तिला रोखून धरतं. वाढ आणि नक्कल पुरी झाली की सीडीसी-ट्वेंटीफाइव्ह तो फॉस्फेट काढतं, आणि मग केंद्रकाचं आवरण विरघळतं, गुणसूत्रं आवळतात. शेवटी सायक्लिनच नष्ट केलं जातं, म्हणून पेशी विभाजनातून बाहेर पडू शकते. १९८९ मध्ये हार्टवेल आणि वाइनर्ट यांनी तपासनाक्यांची कल्पना मांडली: डीएनएला इजा झाली असेल तर पेशी मुद्दाम थांबते, दुरुस्तीला वेळ घेते.

नंतरच्या वर्षांबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी एकच गोष्ट सांगते, कारण ती मी प्रत्येक बॅचला सांगायचे. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं पेशीच्या दोन्ही टोकांकडून येणाऱ्या धाग्यांना जोडली गेलेली असावी लागतात. एकच राहिलं असेल तर? कोनली रीडर यांच्या गटानं १९९५ मध्ये दाखवलं की त्या गुणसूत्रावरची एक न जोडलेली जागा सगळ्या पेशीला अडवून धरते, आणि लेझरनं ती जागाच जाळून टाकली की पेशी लगेच पुढं जाते. शेवटचा प्रवासी चढल्याशिवाय घंटी न देणारा एसटीचा कंडक्टर मुलांना चटकन कळायचा. घंटी झाली की सेपरेज नावाचं विकर गुणसूत्राच्या जुळ्या भागांना बांधून ठेवणारं कोहेसिन कापतं, आणि अर्धीअर्धी गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जातात. थांबायची ही शिस्त मोडली की पेशींच्या गुणसूत्रांचा हिशेब बिघडतो. कर्करोगाच्या बहुतेक गाठींत तो बिघडलेला दिसतो.

म्हणून मला कांद्याच्या प्रॅक्टिकलचं इतकं लागतं. कांदा पाण्यानं भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ठेवायचा, मुळं फुटली की सकाळी शेंडे कापायचे, कारण सकाळी विभाजनं जास्त सापडतात. अल्कोहोल आणि ॲसेटिक ॲसिडमध्ये ठेवायचे, मग सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गरम करायचे, ॲसिटोकार्मिन घालून वॉच ग्लास स्पिरिट लॅम्पवर धरायची, उकळू न देता. टोकाचा गडद लाल ठिपका तेवढा स्लाइडवर घ्यायचा, कव्हरस्लिप ठेवायची, टिपकागद घालून अंगठ्यानं दाबायचं, सरकू न देता. मग शंभर पेशी मोजायच्या. बहुतेक सगळ्या नुसत्या गोल केंद्रकाच्या, विभाजनात असलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. ॲनिमेशनमध्ये प्रत्येक पेशी विभागत असते. स्लाइडवर बहुतेक पेशी थांबलेल्या दिसतात, आणि मुलं आपण होऊन विचारतात, “बाई, ह्या का थांबल्यात?” नर्स आणि हार्टवेल यांचा प्रश्न तो हाच, आणि तो शिकवावा लागत नसे.

पेशीला थांबवण्याचा हा प्रश्न औषधांपर्यंत पोचतो. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसीन असतं. ते धागे उभारूच देत नाही, आणि पेशी मध्यावस्थेच्या उंबरठ्यावर अडकते. अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टीनही त्याच धाग्यांवर मारा करतं आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरलं जातं. २०१५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पॅल्बोसायक्लिब हे कर्करोगावरचं औषध थेट सीडीके-फोर आणि सिक्सला रोखतं, म्हणजे यीस्टमधल्या त्या हुकूमदाराच्या नात्यातल्या प्रथिनांना. २०२३ मध्ये भारतातलं त्याचं पेटंट संपलं, देशी गोळ्या आल्या, किंमत उतरली. माझ्या एका विद्यार्थिनीची आई आज ती गोळी घेते. विद्यार्थिनीनं मला विचारलं की हे औषध करतं तरी काय, आणि मी कांद्याच्या स्लाइडपासून सुरुवात केली. तिला ती आठवत होती.

महाविद्यालयाचं म्हणणं, वेळ नाही आणि गुणांना उपयोग नाही. क्लासच्या प्रश्नसंचात एवढंच विचारतात की कोल्चिसीन कोणत्या अवस्थेत अडवतं. चार पर्याय, एक बरोबर. वेळेचा प्रश्न असेल तर सकाळचे दोन तास, वर्षातून एकदा, पुरतात. खर्च म्हणाल तर कांदा, रंग आणि स्पिरिट. सूक्ष्मदर्शक तर कपाटात कुलपात आहेतच. आणि गुणांचा प्रश्न असेल तर परीक्षेत चार अवस्थांची नावं विचारणं थांबवून मुलांना एकच विचारा: एक गुणसूत्र धाग्याला जोडलं गेलं नाही, तर पेशी काय करते, आणि तिनं ते केलं नाही तर पुढं काय होतं?